भुतांनी आधी ओळखलं आणि नेमकं त्यांनाच गप्प बसवलं, असं का?

कंदीलवाला

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

आमच्याकडे बुधवारी संध्याकाळी बायबल स्टडी असतो, यंदा मार्क घेतलाय (नव्या करारात येशूची चार चरित्रं आहेत, मत्तय, मार्क, लूक, योहान, त्यातलं एक) आणि पहिल्याच अध्यायात माझी गाडी रुतली. प्रसंग माहितीच असेल बऱ्याच जणांना. कफर्णहूम, गालील सरोवराच्या काठचं मासेमारीचं गाव, शब्बाथाचा म्हणजे यहुद्यांच्या विश्रांतीचा दिवस, सभास्थान म्हणजे त्यांचं प्रार्थनागृह भरलंय, येशू शिकवतोय. तेवढ्यात अशुद्ध आत्मा लागलेला एक माणूस ओरडायला लागतो की नासरेथकरा, तू आमच्यामध्ये कशाला पडतोस, आमचा नाश करायला आलास का, तू कोण आहेस ते मला माहितीये, देवाचा पवित्र तो तूच. त्यावर येशू म्हणतो गप्प राहा, नीघ ह्याच्यातून. संपलं.

आता बघा, मार्कात येशू कोण हे माणसाच्या तोंडून पहिल्यांदा स्पष्ट येतं ते इथे आणि तो आवाज त्या माणसाचाही नाही! बाप्तिस्म्याच्या वेळी आकाशवाणी होते पण मार्क वाचताना असं वाटतं की ती एकट्या येशूलाच उद्देशून आहे. शिष्य बिचारे चौथ्या अध्यायात वादळ शांत झाल्यावरसुद्धा एकमेकांना विचारतायत की हा आहे तरी कोण. मुख्य शिष्य पेत्राच्या तोंडून 'तू ख्रिस्त' (म्हणजे मसीहा, देवाने पाठवलेला तारणारा) निघायला आठवा अध्याय उजाडतो. आणि माणूस म्हणून 'खरोखर हा देवाचा पुत्र होता' कोण म्हणतं, तर वधस्तंभापाशी उभा असलेला रोमी शताधिपती, तेही येशूने प्राण सोडल्यावर, पंधराव्या अध्यायात. भुतांनी मात्र पहिल्या दिवसापासून वळखलंय. तिसऱ्या अध्यायात तर ती सरळ पायाशी पडून 'तू देवाचा पुत्र' म्हणून ओरडतात.

आणि बहुतेक वेळा येशू त्यांना गप्प करतो. १:३४ मध्ये (पहिला अध्याय, चौतिसावं वचन) मार्क स्वतःच कारण देतो, की ती त्याला ओळखत होती म्हणून त्याने त्यांना बोलू दिलं नाही. खोटं बोलतात म्हणून गप्प केलं असतं तर समजलं असतं, इथे खरं बोलतात म्हणून गप्प!

व्रेडे नावाच्या जर्मन पंडिताने १९०१ साली मांडलं होतं की हे गुपित मार्कच्या लिखाणातलं आहे, येशू हयात असताना त्याला कोणी मसीहा का म्हणत नव्हतं त्याचा खुलासा म्हणून आलेलं. मला ते पूर्ण पटत नाही, कारण पाचव्या अध्यायात तो बऱ्या झालेल्या माणसाला स्वतःच सांगतो की घरी जा आणि काय झालं ते सांग. गुपितच ठेवायचं होतं तर हे कशाला?

तर काय वाटतं तुम्हाला?

आगाशीकर

धागा आवडला. आमच्या वसईत हा उतारा दर तीन वर्षांनी रविवारच्या मिस्सात येतो, ज्या वर्षी मार्क वाचतात त्या वर्षी, सामान्य काळातल्या चौथ्या रविवारी. लहानपणी मला ह्या वाचनाची जाम भीती वाटायची, बेंचवर आईला चिकटून बसायचो.

संत आगुस्तीनने ह्यावर एक फार नेमकं म्हणून ठेवलंय. त्याचं म्हणणं असं, की पेत्र आणि भुतं बोलले तेच, पण पेत्र बोलला ते ख्रिस्ताला कवटाळण्यासाठी आणि भुतं बोलली ती ख्रिस्ताने आपल्यापासून लांब जावं म्हणून. शब्द एक, तोंड कुठे वळलंय ते वेगळं.

शंकासूर

रसभंग करतो, सवय आहे. हे सगळं 'ओळखलं, ओळखलं' चाललंय पण त्या काळी फिट आली, भ्रम झाला, माणूस असंबद्ध बडबडला की भूत लागलं असंच म्हणायचे ना? मार्क ९ मधला तो मुलगा बघा, खाली पडतो, तोंडाला फेस येतो, दात खातो, ताठ होतो. कुठल्याही एमबीबीएसला विचारा. मत्तयच्या मराठी भाषांतरात तर त्याला सरळ फेफरेकरी म्हटलंय. आणि आपल्याकडे भूत उतरवण्याच्या नावाखाली लोकांना मारहाण करतात, मिरचीची धुरी देतात, त्यासाठी २०१३ साली कायदा करावा लागला, ते पण दाभोलकरांचा खून झाल्यावर. तेव्हा असे धागे जपून.

कंदीलवाला

शंकासूरजी, कायद्याच्या बाबतीत शंभर टक्के सहमत, मारहाणीचं समर्थन इथे कोणी करणार नाही आणि येशूच्या एकाही प्रसंगात मारहाण, धुरी, उपासमार असलं काही नाहीये, एक वाक्य बोलतो आणि विषय संपतो. त्या मुलाबद्दल तुमचं निरीक्षण पण बरोबर. फक्त एक, मत्तय ४:२४ मध्ये भूतग्रस्त, फेफरेकरी आणि पक्षघाती अशी वेगवेगळी यादी दिलीये, म्हणजे सगळ्यालाच भूत म्हणत होते असं नाही. पण माझा प्रश्न वैद्यकीय नाहीच हो. लिहिणाऱ्याने हे वाक्य भुताच्या तोंडी का घातलं आणि लगेच ते तोंड का बंद केलं, एवढाच आहे. गोष्ट म्हणून वाचा हवं तर.

शंकासूर

बरं. गोष्ट म्हणून बसतो. चहा सांगा.

जुनाट_माणूस

कंदीलवाला, तुम्ही एक गृहीत धरलंय की भूत कबुली देतंय. मला वाटतं ते कबुली देतच नाहीये, ते हल्ला करतंय.

त्या काळच्या जगात नाव कळणं म्हणजे पकड मिळणं. मांत्रिक आधी काय विचारतो? तू कोण, कुठनं आलास, नाव सांग. आपल्याकडेही तेच, नाव सांगितलं की भूत अर्धं सुटलं म्हणतात. इजिप्तमध्ये सापडलेल्या ग्रीक मंत्रांच्या पपायरसवर असली सूत्रं ढिगाने आहेत, पॅरिसमध्ये ठेवलेल्या चौथ्या शतकातल्या एका मोठ्या पपायरसवर तर 'इब्र्यांचा देव येशू' ह्याची शपथ घालून भूत काढायचा मंत्र आहे, म्हणजे ज्याने लिहिलाय त्याला येशू नक्की कोण हे धड माहीत नाही पण नाव चालतं एवढं माहितीये. तर कफर्णहूममधलं भूत जेव्हा 'तू कोण ते मला माहितीये' म्हणतं आणि वर गावासकट नाव घेतं, नासरेथकर येशू, तेव्हा ते उलटा मंत्र टाकायला बघतंय.

ह्याहून भारी पाचव्या अध्यायात आहे. तिथलं भूत येशूला म्हणतं, तुला देवाची शपथ, मला छळू नकोस. अहो शपथ घालायची मांत्रिकाने भुताला! इथे भूतच शपथ घालतंय, तीही देवाची, आणि कुणाला तर देवाच्याच पुत्राला. मार्कला विनोदबुद्धी नव्हती असं कोणी म्हणू नये.

आता 'गप्प राहा' साठी मूळ ग्रीकमध्ये जो शब्द आहे, फिमोथेति, त्याचा अर्थ शब्दशः मुसकं बांधणं. मळणी करणाऱ्या बैलाला मुसकं बांधू नकोस अशी जुन्या करारातली आज्ञा आहे ना, ग्रीक भाषांतरात तिथे हेच क्रियापद. आणि चौथ्या अध्यायात वादळाला गप्प करताना परत तोच शब्द. भूत आणि समुद्र दोघांनाही एकच मुसकं.

टोमणेबहाद्दर

बैलाला बांधू नका, भुताला बांधा. नोंद घेतली.

मोगरा

मी ख्रिश्चन नाही, बायबल वाचलेलं पण नाही फारसं, पण हे वाचताना मला सारखं गाणगापूर आठवत होतं. लहान असताना आजीबरोबर गेले होते. आरतीची वेळ झाली, नगारा सुरू झाला आणि एवढा वेळ गप्प बसलेल्या बायका एकदम किंचाळायला लागल्या, काही जणी खांबावर चढल्या, दत्तगुरूंना नको नको त्या शिव्या. मी आजीच्या पदरात तोंड लपवलं. आजी म्हणाली घाबरू नकोस, त्यांना महाराज सहन होत नाहीत म्हणून ओरडतायत. म्हणजे आपल्याकडेही तेच की, भक्ताला कळो न कळो, पिशाच्चाला सत्ता कळते. आता त्या बायकांना नक्की काय होत होतं हे मला आज वेगळं वाटतं, शंकासूर उगाच मागे लागू नका, पण आजीचं वाक्य तसंच्या तसं आठवतंय.

एक विचारायचं होतं, तिथे लोक आणून बसवलेले असतात, आरती असते, वातावरण तयार केलेलं असतं. येशूच्या गोष्टीत असं काही विधी वगैरे आहे का?

जुनाट_माणूस

मोगराताई, मुद्दा तिथेच आहे. काही नाही. त्या काळचे बाकीचे लोक काय करायचे ते योसेफस ह्या पहिल्या शतकातल्या यहूदी इतिहासकाराने लिहून ठेवलंय. एलाजार नावाच्या यहुद्याने व्हेस्पासियनसमोर, म्हणजे जो पुढे सम्राट झाला त्याच्यासमोर, भूत काढून दाखवलं. कसं? अंगठीत एक मुळी, ती नाकाला लावून हुंगायला द्यायची, भूत नाकपुडीतून ओढून काढायचं, मग शलमोन राजाचं नाव आणि त्याने रचलेले मंत्र म्हणायचे, आणि भूत खरंच गेलं हे दाखवायला बाजूला पाण्याचं भांडं ठेवलेलं, जाताना भुताने ते उलटवायचं. पूर्ण प्रयोग, प्रेक्षकांसकट.

येशू ह्यातलं काहीच करत नाही, आणि मुख्य म्हणजे तो वरच्या कुणाचं नाव घेत नाही. म्हणून सभास्थानातले लोक चकित होतात ते नुसतं भूत निघालं म्हणून नाही, भूत काढणारे त्यांनी पाहिलेले असणार. त्यांचा शब्द आहे 'अधिकाराने'. शास्त्र्यांसारखं अमक्याने असं म्हटलंय तमक्याने तसं म्हटलंय असं नाही, आणि मांत्रिकासारखं अमक्याच्या नावाने नाही. हुकूम स्वतःचा.

टोमणेबहाद्दर

सगळे विसरलेत तर मीच आठवण करतो. २००० डुकरं. डुकरांचं काय?

पाचव्या अध्यायात त्या माणसातली भुतं डुकरांच्या कळपात शिरतात आणि कळप कड्यावरून सरोवरात. आकडा फक्त मार्क देतो. आज हिशेब करा, गावाच्या सरपंचाला हार्ट अॅटॅक येईल. आणि मग गावकरी काय म्हणतात? 'आमचा माणूस बरा केलात, आभारी आहोत'? नाही! म्हणतात कृपा करा आणि आमच्या हद्दीतून जा. भुतं पायाशी येऊन पडली आणि माणसांनी बाहेरचा रस्ता दाखवला. कंदीलवाला, तुमच्या 'कोणी ओळखलं' च्या यादीत हे पण घाला.

कंदीलवाला

घातलं. हे खरंच मी असं जोडून कधी बघितलं नव्हतं.

शंकासूर

त्या गावाचा पत्ता तरी धड आहे का? मार्क म्हणतो ते गरसा सरोवरापासून ५० किलोमीटरच्या वर आत आहे, आजचं जॉर्डनमधलं जेराश. डुकरं मॅरेथॉन पळाली काय?

जुनाट_माणूस

हा प्रश्न तुमच्याआधी बऱ्याच नकलनविसांना पडलाय, म्हणून तर हस्तलिखितांत तीन नावं सापडतात, गरसेकर, गदरेकर, गर्गेसेकर. मत्तय गदरा म्हणतो, ते बरंच जवळ, दहाएक किलोमीटर. सरोवराच्या पूर्व किनाऱ्यावर कुर्सी म्हणून जागा आहे, तिथे १९७० साली रस्ता करताना बायझंटाइन काळातल्या मठाचे अवशेष लागले, म्हणजे जुन्या यात्रेकरूंनी प्रसंग तिथे मानला होता. मत्तयमध्ये भूतग्रस्त पण एक नाही, दोन आहेत. असो.

मला त्यातलं नाव जास्त महत्त्वाचं वाटतं. येशू विचारतो तुझं नाव काय, उत्तर येतं 'सैन्य', आम्ही पुष्कळ आहोत. मूळ शब्द लिजन, म्हणजे रोमी फौजेची पाचेक हजाराची तुकडी, शब्द लॅटिन, ग्रीकमध्ये तसाच उचललेला. यहूदियातल्या बंडाच्या वेळी आलेलं आणि नंतर यरुशलेमात ठाण मांडून बसलेलं जे दहावं लिजन, त्याच्या निशाणांवर रानडुक्कर होतं. ऐकणाऱ्यांच्या गालात हसू आलं असणार की नाही? आता मार्कने हे मुद्दाम केलं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

सायली_नगर

उशिरा आले धाग्यावर. दोन मुद्दे.

एक, याकोबाचं पत्र २:१९. एकच देव आहे असं तू मानतोस, चांगलं करतोस, भुतेही तसं मानतात आणि थरथर कापतात. आमच्या आत्याचं हे आवडतं वचन, कोणी देवळात येऊन मोठ्याने साक्ष द्यायला लागलं आणि घरी मात्र सुनेला छळत असलं की आत्या हळूच कानात म्हणायची, याकोब दोन एकोणीस. (आम्ही चर्चला देऊळच म्हणतो, ज्यांना आश्चर्य वाटलं त्यांच्यासाठी.)

दुसरं, प्रेषितांची कृत्ये (नव्या करारातलं पहिल्या प्रचारकांच्या कामाचं पुस्तक) १९, इफिस शहर. स्किवा नावाच्या यहूदी मुख्य याजकाचे सात मुलगे, धंदा भुतं काढायचा. त्यांनी पाहिलं की प्रचारक पौल येशूचं नाव घेतो आणि ते चालतंय, मग त्यांनीही सुरू केलं, पौल ज्या येशूची घोषणा करतो त्याची तुम्हाला शपथ. म्हणजे स्वतःची ओळख नाही, पौलाच्या ओळखीवर उधारी. भुताने काय उत्तर द्यावं? येशू मला माहितीये, पौल कोण तेही ठाऊक आहे, तुम्ही कोण लागून गेलात? आणि त्या एका माणसाने सगळ्यांना असं बडवलं की उघडेनागडे रक्तबंबाळ होऊन पळाले घरातून. जुनाटकाका म्हणतात तसं नावाने पकड मिळते हे खरं, पण नाव घेणाऱ्यालाही कोणीतरी ओळखत असावं लागतं. नंतर इफिसच्या लोकांनी आपल्या जादूच्या पोथ्या आणून सगळ्यांसमोर जाळल्या, किंमत ५०,००० रुपये, मराठी बायबलात रुपयेच लिहिलंय, म्हणजे चांदीची नाणी.

जुनाट_माणूस

सायली, छान. त्या वाक्यात ग्रीकमध्ये 'येशू माहितीये' आणि 'पौल ठाऊक आहे' ला दोन वेगळी क्रियापदं आहेत, मराठीत तुम्ही माहीत आणि ठाऊक असं आपसूकच वेगळं केलंत.

आगाशीकर

उलट बाजू पण मांडतो, नाहीतर सगळेच मान डोलवतायत. पौल करिंथकरांस पहिल्या पत्रात म्हणतो (२:८) की ह्या युगाच्या अधिपतींना कळलंच नाही, कळलं असतं तर त्यांनी गौरवाच्या प्रभूला वधस्तंभावर दिलंच नसतं. आता हे अधिपती म्हणजे पिलात, हेरोद हे राज्यकर्ते की सैतानी शक्ती, ह्यावर वाद आहे, पण जुन्या मंडळीतल्या बऱ्याच जणांनी सैतानी शक्ती असाच अर्थ घेतला. अंत्युखियाचा बिशप इग्नाती, रोमला हिंस्र पशूंपुढे टाकायला घेऊन चालले होते तेव्हा वाटेत पत्रं लिहिली त्याने, तो इफिसकरांना लिहितो की मरीयेचं कौमार्य, तिचं बाळंतपण आणि प्रभूचं मरण ह्या तीन गोष्टी ह्या युगाच्या अधिपतीपासून लपून राहिल्या.

मग भुतांना माहीत होतं की नव्हतं? मला वाटतं त्यांना कोण आला ते कळलं, तो काय करणार ते कळलं नाही. 'आमचा नाश करायला आलास का' हा त्यांचा खराखुरा प्रश्न आहे. मत्तयमध्ये तर विचारतात, वेळेच्या आधीच आलास का छळायला? म्हणजे त्यांच्या डोक्यात कॅलेंडर आहे, न्यायाचा दिवस ठरलेला, तोवर आपल्याला मोकळं रान. हनोखाच्या पुस्तकात, म्हणजे एका जुन्या यहूदी ग्रंथात, नेमकी हीच कल्पना आहे, दुष्ट आत्मे शेवटच्या न्यायापर्यंत नासधूस करत राहतील. कॅलेंडर चुकलं म्हणून घाबरलेत. आणि वधस्तंभ तर त्यांच्या हिशेबात कुठेच नाही.

कंदीलवाला

आगाशीकर, हे वाचून मी काल रात्री परत पुस्तक काढून बसलो आणि आता मला जरा दिसायला लागलंय, बघा पटतं का.

'देवाचा पवित्र तो' हे बिरुद येशूसाठी नव्या करारात मोजून तीन ठिकाणी आहे. मार्क १ आणि लूक ४ मध्ये त्या कफर्णहूमच्या भुताच्या तोंडी, आणि योहान ६:६९ मध्ये पेत्राच्या तोंडी! योहानाच्या शुभवर्तमानात भूत काढण्याचा एकही प्रसंग नाही, पण ते वाक्य मात्र आहे, आणि ते पण कफर्णहूममधल्या शिकवणीनंतरच, जेव्हा बरेच शिष्य सोडून निघून गेले आणि येशूने बारा जणांना विचारलं की तुम्ही पण जाता का. पेत्र म्हणतो आम्ही कोणाकडे जाऊ. भूत तेच बिरुद घेऊन म्हणतं आमच्यात पडू नकोस, पेत्र तेच बिरुद घेऊन म्हणतो जायला दुसरं दार नाही. आगुस्तीनचं वाक्य इथे अक्षरशः दिसतं.

आणि मार्क ८. पेत्र म्हणतो तू ख्रिस्त. येशू त्याला शाबासकी देत नाही (ती मत्तयमध्ये), मार्कात तो कोणाला सांगू नका म्हणून ताकीद देतो, आणि त्या ताकिदीला तेच क्रियापद आहे जे भुताला धमकावताना वापरलं. लगेच पुढे येशू मरणाचं सांगतो, पेत्र त्याला बाजूला घेऊन तोच शब्द येशूवर वापरतो, आणि येशू तोच शब्द परत पेत्रावर, सैताना माझ्या मागे हो. म्हणजे वधस्तंभ हिशेबात नसताना 'तू ख्रिस्त' म्हटलं तर पेत्राची ओळख आणि भुताची ओळख मार्कला जवळपास सारखीच वाटते! म्हणूनच बहुतेक शताधिपतीला कोणी गप्प करत नाही. त्याने मरण बघितलंय.

व्रेडेला हे दिसलं नव्हतं असं नाही, पण गुपित लपवण्यासाठी नसून पिकू देण्यासाठी आहे असं मला वाटतं.

शंकासूर

गोष्ट म्हणून वाचली तर हे चांगलं बांधलंय, मान्य. पिकू देण्याचं आवडलं.

मोगरा

मला एक कळलं नाही. सायलीताईंनी इफिसचं सांगितलं, त्याच्या आधी फिलिप्पैमध्ये एक मुलगी आहे ना, मी शोधून वाचलं आत्ता. दासी आहे, तिच्या अंगात येतं, भविष्य सांगते, मालकांना त्यातून पैसा. ती पौलाच्या मागे मागे फिरते आणि ओरडते की ही माणसं परात्पर देवाचे दास आहेत, तुम्हाला तारणाचा मार्ग सांगतात. फुकटची जाहिरात! तरी बरेच दिवसांनी पौल वैतागतो आणि आत्म्याला हाकलतो. खरंच तर बोलत होती.

जुनाट_माणूस

खरं, पण फिलिप्पै रोमी वसाहत. तिथल्या बाजारात 'परात्पर देव' ऐकून लोकांच्या डोळ्यांपुढे ग्रीकांचा देव झ्यूस येणार, त्यालाही तेच बिरुद होतं, शिलालेख आहेत. आणि तिच्यातला आत्मा पुथोनाचा, म्हणजे ग्रीसमधल्या डेल्फीच्या देववाणीशी नातं सांगणारा. खरं वाक्य चुकीच्या दुकानातून विकलं जात होतं. गंमत म्हणजे 'आत्मा निघून गेला' आणि लगेच पुढच्या ओळीत मालकांची 'कमाईची आशा निघून गेली', दोन्हीला लूकने एकच क्रियापद वापरलंय.

टोमणेबहाद्दर

परत धंदाच बुडाला. डुकरं आठवली.

मोगरा

हो पण त्या मुलीचं पुढे काय झालं?

सायली_नगर

मालकांनी पौल आणि सीलाला चौकात ओढलं, छड्या, तुरुंग, भूकंप, मग तुरुंगाच्या नायकाचा बाप्तिस्मा घरच्या सगळ्यांसकट. शेवटी लुदियेच्या घरी जाऊन बंधुजनांना भेटतात आणि गाव सोडतात.

मुलगी परत येत नाही गोष्टीत. मी आत्ताच दोनदा बघितलं.